एक्सएमएलचं झाड: डेटाबेसमधून वेब पानावर

डेटाबेसमध्ये एक्सएमएल (टॅगमध्ये गुंफलेला, एकात एक बसणारा मजकूर) पडून आहे आणि कुणीतरी येऊन म्हणतं, "हे पानावर झाडासारखं दिसू दे, बाण दाबला की फांदी उघडू दे." हे काम पहिल्यांदा अंगावर येतं तेव्हा बहुतेक जण तयार ट्री विजेट (पानावर झाड दाखवणारा आयता घटक) शोधायला धावतात. मीही धावलो होतो. दोन दिवस विजेटशी झटापट केली आणि शेवटी कळलं की बिचाऱ्याचा काही दोषच नव्हता. त्याच्यापर्यंत पोचणारं एक्सएमएल मध्येच तुटलेलं होतं. तेव्हापासून मी पडद्याकडून मागे जात नाही, टेबलापासून पुढे येतो. या प्रवासात चार थांबे आहेत: टेबल, मजकूर, पार्सर (मजकूर वाचून त्याचं झाड बनवणारा प्रोग्राम) आणि पान. प्रत्येक थांब्यावर उतरायचं, समोर काय आलंय ते डोळ्यांनी बघायचं, मगच पुढची गाडी धरायची.

एक सूचना आधीच देतो. या लेखात टॅग, फंक्शन आणि प्रकारांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कोड टाइप करताना ती रोमन लिपीतच लिहायची.

नमुना लहान घ्या

खरी फाइल हजारो ओळींची असली तरी सुरुवात आठ-दहा नोडच्या, म्हणजे झाडातल्या गाठींच्या, नमुन्यावर करा. सायकलच्या सुट्या भागांची यादी झाडासाठी चांगली, कारण भागात भाग असतातच.

```
<सायकल>
  <भाग नाव="पुढचं चाक" नग="१">
    <भाग नाव="टायर" नग="१"/>
    <भाग नाव="ट्यूब" नग="१"/>
    <भाग नाव="आरा" नग="३६"/>
  </भाग>
  <भाग नाव="हँडल" नग="१">
    <भाग नाव="घंटी" नग="१">
      <शेरा>गंजली की बदला</शेरा>
    </भाग>
  </भाग>
</सायकल>
```

टॅगची नावं मराठीत बघून दचकू नका, हे पूर्णपणे वैध एक्सएमएल आहे. १९९८ साली आलेल्या एक्सएमएल १.० ने पहिल्यापासूनच युनिकोडमधली अक्षरं नावात चालवून घेतली आहेत. फक्त एक खोच आहे. काही कीबोर्ड अर्धा र उमटवताना मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घुसवतात. २००८ च्या पाचव्या आवृत्तीच्या आधीच्या नियमांत ते चिन्ह टॅगच्या नावात चालत नाही, आणि त्या जुन्या नियमांवर चालणारे पार्सर आजही वापरात आहेत. शिवाय डोळ्यांना एकसारखी दिसणारी दोन नावं पार्सरला वेगळी वाटतात ती याच चिन्हामुळे. त्यामुळे रोजच्या कामात मी टॅग रोमन ठेवतो आणि मजकूर मराठी. इथे मात्र वाचायला सोपं जावं म्हणून सगळंच मराठीत घेतलंय.

या नमुन्यात एकूण आठ एलिमेंट, म्हणजे टॅगने बनलेले घटक, आहेत. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पहिला थांबा: टेबल

आधी स्वतःला विचारा: एक्सएमएल जसंच्या तसं एका कॉलममध्ये साठवलंय, की टेबलात साध्या रो (ओळी) आहेत आणि त्यांच्यापासून एक्सएमएल तयार करायचंय? दोन्ही कामं दिसायला सारखी, पण वाटा अगदी वेगळ्या.

एक्सएमएल कॉलममध्येच असेल तर काम सोपं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ च्या आवृत्तीपासून एक्सएमएल हा स्वतंत्र डेटा टाइप आहे. एका मूल्यात २ जीबीपर्यंत मजकूर मावतो. पोस्टग्रेसमध्ये तो ८.३ पासून आहे, आणि एक्सएमएलचे तुकडे रो-कॉलममध्ये मांडून देणारं एक्सएमएलटेबल हे फंक्शन १० व्या आवृत्तीत आलं. ओरॅकलमध्ये एक्सएमएलटाइप आहे. मायएसक्यूएलमध्ये असा टाइपच नाही. तिथे मजकूर टेक्स्ट कॉलममध्ये ठेवायचा आणि गरज पडली तर एक्सट्रॅक्टव्हॅल्यू हे फंक्शन वापरायचं. माझा सल्ला असा: नुसतं दाखवायचंच असेल तर क्वेरीमध्ये हुशारी करू नका. अख्खा कॉलम उचलून आणा, झाड पुढे बनवू.

एसक्यूएल सर्व्हरच्या एक्सएमएल टाइपबद्दल एक माहीत असू द्या. तुम्ही दिलेला मजकूर तो अक्षरशः जपत नाही. टॅगमधल्या मोकळ्या जागा, ॲट्रिब्यूटचा (टॅगमधल्या नाव, नग यांसारख्या जोड्यांचा) क्रम, डोक्यावरची घोषणा (आवृत्ती आणि एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, सांगणारी पहिली ओळ), यांतलं काहीही बदलू किंवा गळू शकतं. झाडासाठी त्याने काही बिघडत नाही. पण मूळ दस्तऐवज कायदेशीर पुरावा म्हणून किंवा डिजिटल सहीसकट जपायचा असेल, तर त्याची एक प्रत साध्या मजकुराच्या किंवा बायनरी कॉलममध्येही ठेवा.

दुसऱ्या वाटेवर टेबल साधारण असं असतं: क्रमांक, पालक क्रमांक, नाव, नग. चाकाचा पालक सायकल, टायरचा पालक चाक. इथे नवखा माणूस हमखास एक चूक करतो. आधी मुळाची क्वेरी, मग प्रत्येक मुलासाठी वेगळी क्वेरी, मग नातवंडांसाठी आणखी. आठ नोडला ते खपून जातं. आठ हजार नोड झाले की डेटाबेसला आठ हजार हेलपाटे पडतात. त्याऐवजी सगळ्या रो एकाच क्वेरीत आणा आणि सर्व्हरच्या कोडमध्ये जुळवा. पहिल्या फेरीत प्रत्येक रोचा नोड बनवून क्रमांकानुसार एका मॅपमध्ये ठेवा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक नोड त्याच्या पालकाला चिकटवा. दोन फेऱ्यांत झाड उभं. पालक रिकामा असेल तो मूळ.

एकच फांदी हवी असेल तर डेटाबेसमधली रिकर्सिव्ह (स्वतःचाच निकाल पुन्हा पुन्हा वापरणारी) क्वेरी उपयोगी पडते: विथ रिकर्सिव्ह लिहून सुरू होणारी. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रिकर्सिव्ह हा शब्द लागत नाही, नुसतं विथ पुरतं. मायएसक्यूएलमध्ये ही सोय ८.० पासून आहे. एसक्यूएल सर्व्हर अशी क्वेरी मुळात १०० पायऱ्यांवर थांबवतो, मायएसक्यूएल १००० वर. ही मर्यादा ओलांडल्याची तक्रार आली की ती वाढवायच्या आधी टेबल तपासा. सायकलचा भाग शंभर पायऱ्या खोल नसतो. बहुतेक वेळा कुणीतरी चुकून बापालाच लेकाचा मुलगा करून ठेवलेलं असतं आणि क्वेरी गोल गोल फिरत असते.

मॅपच्या पद्धतीत हीच चूक गप्प बसते, म्हणून ती जास्त वाईट. एकमेकांचे पालक झालेले नोड मुळाला कधी जोडलेच जात नाहीत. त्यामुळे एरर येत नाही, ते भाग झाडातून नुसते गायब होतात.

दुसरा थांबा: मजकूर

डेटाबेसमधून बाहेर पडलेला मजकूर ब्राउझरमध्ये कसा दिसतो ते बघण्याआधी तो कच्चा बघा. सर्व्हरवरचा पत्ता सरळ उघडा, किंवा मजकूर एका फाइलमध्ये उतरवा. पहिली ओळ बघा आणि, हे महत्त्वाचं, शेवटची ओळही बघा.

माझे दोन दिवस गेले ते इथेच. रोंपासून एक्सएमएल बनवायला मी एसक्यूएल सर्व्हरचं फॉर एक्सएमएल वापरलं होतं, आणि कोडमध्ये निकालाची पहिली रो तेवढी वाचत होतो. पण फॉर एक्सएमएलचा लांब निकाल एका घासात येत नाही; तो २०३३ अक्षरांच्या तुकड्यांत, वेगवेगळ्या रोमधून येतो. नमुना लहान होता तोवर सगळं सुरळीत. खरी यादी आली आणि एक्सएमएल एका शब्दाच्या मधोमध संपायला लागलं. मी मात्र विजेटची सेटिंग बदलत बसलो होतो. तुमच्या मजकुराची लांबी बरोबर २०३३ भरली तर शंका नको. एक तर सगळ्या रो वाचून जोडा, नाहीतर क्वेरीच्या शेवटी टाइप हा शब्द जोडा, म्हणजे निकाल एकसंध एक्सएमएल मूल्य म्हणून येतो. तिथेच रूट हा पर्यायही देऊन टाका. तो नसला की एकामागून एक सुटे तुकडे येतात, आणि एक्सएमएल दस्तऐवजाला मूळ एकच लागतं.

मग अक्षरं. मराठी मजकूर बिघडून येतो तेव्हा तो कसा बिघडला यावरून दोष कुठे आहे ते ओळखता येतं:

- सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसत असतील तर अक्षरं साठवतानाच मेली. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलम एनव्हारचार (युनिकोड अक्षरं ठेवणारा प्रकार) नसेल, किंवा मजकुराच्या अवतरणाआधी एन लावायचा राहिला असेल, तर हेच होतं. पान कितीही सुधारा, माहिती परत येणार नाही; ती पुन्हा भरावी लागेल.
- प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी तीन-तीन परकी, डोक्यावर टोप्या घातलेली अक्षरं दिसत असतील तर माहिती शाबूत आहे, वाचणारा चुकतोय. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि कुणीतरी ते बाइट सुटे सुटे वाचतंय. सर्व्हरच्या उत्तरातला कॉन्टेंट-टाइप बघा, त्यात यूटीएफ-८ सांगितलंय का ते तपासा.
- चौकोन दिसले तर बहुधा नुसता फॉन्टचा प्रश्न.

एक्सएमएलच्या डोक्यावरची घोषणाही कधी कधी खोटं बोलते. घोषणेत यूटीएफ-८ लिहिलंय पण मजकूर एनव्हारचारमध्ये, म्हणजे प्रत्यक्षात यूटीएफ-१६ मध्ये आहे, अशा वेळी एसक्यूएल सर्व्हर त्याचं एक्सएमएल करायला नकार देतो आणि एन्कोडिंग बदलता येत नाही अशी तक्रार करतो. अशी घोषणा काढून टाकली की काम होतं.

आणि एक्सएमएल कधीही स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडून हाताने बनवू नका. कुणाच्या तरी नावात अँपरसँड किंवा 'पेक्षा लहान'चं चिन्ह येतंच, आणि त्या दिवशी अख्खं झाड कोसळतं. भाषेची एक्सएमएल लायब्ररी ही चिन्हं आपोआप सांभाळते.

तिसरा थांबा: पार्सर

आता हा मजकूर ब्राउझरमध्ये फेचने आणायचा आणि डॉमपार्सरच्या, म्हणजे ब्राउझरमधल्याच पार्सरच्या, हवाली करायचा. पार्सफ्रॉमस्ट्रिंग या मेथडला दुसरा पॅरामीटर ॲप्लिकेशन/एक्सएमएल असाच द्या. टेक्स्ट/एचटीएमएल दिलं, किंवा मजकूर सरळ इनरएचटीएमएलमध्ये ओतला, तर एचटीएमएलचे नियम लागू होतात आणि गंमत सुरू होते. एचटीएमएलला अनोळखी टॅगमधली स्वतःच बंद होणारी तिरकी रेघ समजत नाही. तो टॅग उघडाच राहतो आणि पुढची भावंडं त्याच्या पोटात जातात. झाडाऐवजी जिना तयार होतो. आमच्या मराठी टॅगची तर आणखी मजा. एचटीएमएलमध्ये टॅगचं नाव रोमन अक्षरानेच सुरू व्हावं लागतं, म्हणून उघडणारे टॅग पानावर साधा मजकूर म्हणून उमटतात आणि बंद करणारे टॅग कॉमेंट होऊन नाहीसे होतात. एकदा मुद्दाम करून बघा, कायमचं लक्षात राहील.

डॉमपार्सरची एक सवय घातक आहे: एक्सएमएल तुटकं असलं तरी तो एरर फेकत नाही. तो मुकाट्याने एक दस्तऐवज परत देतो, ज्यात पार्सरएरर नावाचं एलिमेंट असतं. म्हणून पार्स झाल्या झाल्या ते एलिमेंट शोधा. सापडलं तर त्यातला मजकूर कन्सोलवर छापा आणि तिथेच थांबा. कितव्या ओळीत गडबड आहे तेही बहुधा त्यात लिहिलेलं असतं.

पुढची अडचण रिकाम्या जागेची. नमुन्यात सायकलच्या पोटात दोनच भाग आहेत, पण चाइल्डनोड्स मोजलेत तर पाच येतील. पुढच्या चाकाखाली तीनऐवजी सात. जास्तीचे म्हणजे ओळींमधली मोकळी जागा; पार्सरच्या लेखी तोही मजकुराचा नोड. पहिल्या झाडात दर दोन फांद्यांमध्ये एक रिकामा ठिपका दिसला तर कारण हेच. चाइल्डनोड्सऐवजी चिल्ड्रन वापरा, त्यात फक्त एलिमेंट येतात.

एक्सएमएलच्या मुळावर नेमस्पेस (टॅगच्या नावांचं आडनाव म्हणा) असेल तर एक्सपाथने (एक्सएमएलमध्ये शोधायच्या भाषेने) नावानिशी शोधताना काहीच सापडत नाही. नाव बरोबर, नोड समोर दिसतोय, आणि निकाल शून्य. नेमस्पेसला प्रीफिक्स बांधून द्यावा लागतो. झाड काढताना मात्र आपण नाव न बघता फक्त मुलांवरून फिरतो, त्यामुळे हा त्रास टळतो.

पार्सिंग सर्व्हरवर करत असाल आणि एक्सएमएल बाहेरच्या लोकांकडून येत असेल, तर डीटीडी (दस्तऐवजाचे नियम आणि एंटिटी लिहायचा भाग) आणि बाहेरच्या एंटिटी (नाव लिहिलं की ज्याच्या जागी दुसरा मजकूर येतो ते लघुरूप) बंद करा. एक केबीपेक्षाही लहान फाइल, एकमेकांत गुंफलेल्या एंटिटींच्या जोरावर, उलगडताना सुमारे ३ जीबी होऊ शकते. बिलियन लाफ्स नावाचा हल्ला तो हाच. बाहेरच्या एंटिटी चालू राहिल्या तर सर्व्हरवरच्या फाइलीही वाचल्या जाऊ शकतात.

चौथा थांबा: पान

इथवर सगळं नीट आलं असेल तर उरलेलं काम आश्चर्य वाटेल इतकं थोडं आहे. एक्सएमएल मुळातच झाड आहे. एचटीएमएलमधली यादीत यादी हेही झाडच. आपल्याला फक्त एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायचंय, आणि नियम एकच: एका एलिमेंटला एक एलआय (यादीतली नोंद), त्याच्या मुलांना मिळून एक यूएल (यादी). उघडमिट करायला डिटेल्स आणि समरी हे टॅग आहेत. आजच्या सगळ्या मोठ्या ब्राउझरांत ते जावास्क्रिप्टशिवाय चालतात आणि कीबोर्डलाही दाद देतात.

```
फांदी(नोड):
    एक एलआय बनवा
    लेबल = लेबल_ठरवा(नोड)
    नोडला एलिमेंट-मुलं नसतील तर:
        एलआयमध्ये लेबल लिहा
        एलआय परत द्या
    डिटेल्स बनवा, त्यात समरी
    समरीत लेबल लिहा
    एक यूएल बनवा
    प्रत्येक मुलासाठी:
        यूएलमध्ये फांदी(मूल) जोडा
    यूएल डिटेल्समध्ये, डिटेल्स एलआयमध्ये ठेवा
    एलआय परत द्या
```

फंक्शन स्वतःलाच हाक मारतं, हाच रिकर्शनचा गाभा. सायकलची हाक चाकाकडे जाते, चाकाची टायरकडे. टायरला मुलं नाहीत म्हणून तो लगेच परततो, मग ट्यूब, मग आरा, आणि मग चाक आपली भरलेली यादी घेऊन वर येतं. समजत नसेल तर कागदावर सायकल, चाक, टायर अशी तीनच पायऱ्यांची हाक हाताने चालवून बघा.

'लेबल लिहा' म्हणजे टेक्स्टकॉन्टेंट वापरा. इनरएचटीएमएल नको. डेटाबेसमधल्या नावात कुणी स्क्रिप्ट पेरून ठेवली असेल तर इनरएचटीएमएल ती बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालू देऊ शकतं. टेक्स्टकॉन्टेंट तिला निव्वळ अक्षरं समजतं.

लेबल ठरवणारं फंक्शन मी मुद्दाम वेगळं काढलंय, कारण खरा विचार तिथे करायचा असतो. नवख्याच्या झाडावर 'भाग, भाग, भाग' असे टॅगच दिसतात आणि बघणाऱ्याला काही उमगत नाही. बघणाऱ्याला टॅग नको असतो, नाव हवं असतं. आपल्या नमुन्यासाठी नियम असा: नाव हे ॲट्रिब्यूट असेल तर ते दाखवा, नग एकापेक्षा जास्त असेल तरच पुढे आकडा लावा ('आरा × ३६'), आणि नाव नसलेल्या नोडला टॅग आणि, मुलं नसतील तर, आतला मजकूर ('शेरा: गंजली की बदला'). नग देवनागरी अंकांत असेल तर तुलना करताना सावध. जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन '३६' ला संख्या मानत नाही. साठवताना इंग्रजी अंक (1, 2, 3) ठेवा, दाखवताना देवनागरी करा. एकाच एलिमेंटमध्ये मजकूर आणि मुलं मिसळलेली असतील तर वरचं फंक्शन तो मजकूर गाळतं, हेही ध्यानात असू द्या. याद्यांमध्ये असं सहसा नसतं, लेखांच्या एक्सएमएलमध्ये हमखास असतं.

आता मूळ एलिमेंटला फांदी लावून जे येईल ते पानावरच्या रिकाम्या यूएलमध्ये एकदाच जोडा. पहिल्या पातळीच्या डिटेल्सला ओपन द्या, बाकी मिटलेले राहू द्या. सीएसएसमध्ये यूएलचे ठिपके काढा, डावीकडून थोडी जागा सोडा, हवी तर एक फिकट उभी रेघ.

मग ती मोजणी. एक्सएमएलमधले एलिमेंट मोजा, पानावरच्या झाडातले एलआय मोजा. आठला आठ यायला हवेत. रोंपासून झाड केलं असेल तर रोंची संख्याही ताडून बघा. मघाशी सांगितलेले गायब भाग इथेच सापडतात.

एआरआयए (स्क्रीन रीडरला पानाचे भाग ओळखवून देणारे नियम) मधल्या ट्री आणि ट्रीआयटेम या भूमिका लावायचा मोह होईल. त्या लावल्या की बाणांच्या कळांनी वरखाली फिरणं, उजव्या बाणाने उघडणं, डाव्याने मिटणं हे सगळं तुम्हाला स्वतः लिहावं लागतं. ते लिहिणार नसाल तर डिटेल्सवरच समाधान माना. अर्धवट भूमिका लावलेलं झाड स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला साध्या यादीपेक्षा जास्त त्रास देतं.

जुन्या लेखांत हेच काम एक्सएसएलटीने (एक्सएमएलचं रूपांतर करणाऱ्या भाषेने) ब्राउझरमध्ये केलेलं दिसेल. कल्पना सुरेख, पण क्रोमने ती सोय काढून टाकण्याचा बेत २०२५ मध्ये जाहीर केला आहे. नवं काम तिच्यावर उभारू नका. सर्व्हरवर खुशाल वापरा.

झाड हजारो नोडचं असेल तर सगळं एकदम आणू नका. मूळ आणि पहिली पातळी पाठवा, आणि फांदी उघडली की डिटेल्सच्या टॉगल इव्हेंटवर तिची मुलं मागवा. हा इव्हेंट वर बुडबुडत जात नाही, म्हणून एकच लिसनर मुळावर लावायचा असेल तर तो कॅप्चर फेजमध्ये (इव्हेंट मुळाकडून खाली येत असताना) लावा. एकदा आणलेली फांदी पुन्हा मागवू नये म्हणून डिटेल्सवर एक खूण ठेवा.

पान ताजं केलं की उघडलेल्या फांद्या मिटतात आणि लोक वैतागतात. उघड्या फांद्यांची यादी सेशनस्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या तात्पुरत्या साठवणीत) ठेवली की हे सुटतं, पण त्या यादीत नाव नको, डेटाबेसमधला क्रमांक ठेवा. टायर पुढच्या चाकातही असतो आणि मागच्याही.